इथला सेक्रेटरी कोण?

एखाद्या अब्जाधीशाने समाजमाध्यम विकत घेतलं की सुशिक्षितांचा स्वातंत्र्यलढा सुरू होतो. २७ ऑक्टोबर २०२२ ला एलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं आणि लगोलग ट्विटरवर 'मी ट्विटर सोडतोय' अशा घोषणा घुमू लागल्या. सोडतोय हे सांगायलाही ट्विटरच लागतं, याचं कोणाला काही वाटलं नाही. जायचं कुठे, तर मास्टोडॉनवर. तिथे महिनाभरात फिरकणारी माणसं होती सुमारे ३ लाख, ती नोव्हेंबरात २५ लाखांवर गेली. डिसेंबरात ट्विटरने मास्टोडॉनच्या लिंका द्यायलाच बंदी केली आणि बोंब झाल्यावर ती तितक्याच चपळाईने उठवली. पुढे लढवय्यांपैकी बरेच जण गुपचूप घरी परतले.

यात आपण जगाच्या तीन वर्षं पुढे होतो, हे नमूद करायला हवं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने गोठवलं. गुन्हा काय? खात्यावर लावलेला एक जुना फोटो. हॅम्बुर्ग, १९३६, सगळा जमाव नाझी सलाम ठोकतोय आणि एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना विरोध करणारा फोटो द्वेष पसरवतो, असा निवाडा ट्विटरच्या यंत्राने दिला. निषेध म्हणून नोव्हेंबरात आपले पत्रकार, वकील, प्राध्यापक घाऊक भावात मास्टोडॉनवर दाखल झाले. तिथे निळी खूण नाही, मंत्री नाहीत, भांडायला समोर कोणी नाही. वैचारिक माणसाने अशा ठिकाणी दिवस काढायचे तरी कसे?

तर मालक नको, ही मागणी रास्त आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. मालकाला हाकलून दिल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळे ज्याला शोधत फिरतात, त्या माणसाचं काय करायचं?

आधी थोडी रचना सांगतो. मास्टोडॉन ही एक जागा नाही. ऑयगेन रोचको या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते सॉफ्टवेअर लिहिलं आणि सगळ्यांना खुलं केलं. कोणीही ते आपल्या सर्व्हरवर चढवावं, आपल्या माणसांना खाती द्यावीत आणि जगभरच्या अशाच दुसऱ्या सर्व्हरांशी बोलावं. बोलायचं कसं याचे नियम 'ॲक्टिव्हिटीपब' या नावाने जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत झाले. त्याच नियमांवर फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, चर्चेच्या चावडीसाठी लेमी अशी भावंडं आहेत. एकच मोठी टाउनशिप नाही, बिल्डर नाही. हजारो छोट्या हाउसिंग सोसायट्या आहेत. प्रत्येकीचे नियम आपापले. शेजारच्या सोसायटीशी जाणंयेणं ठेवायचं की फाटक लावून घ्यायचं, हेही जिचं तिने ठरवायचं.

सोसायटी म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात स्वायत्तता, लोकशाही असले शब्द येत नाहीत. तो दोनच गोष्टी विचारतो. पाणी किती वाजता येतं? आणि सेक्रेटरी कोण?

वैचारिकांना मास्टोडॉनवर करमलं नाही, पण छंदिष्टांना फार करमतं. मंगळवारी जाड बुंध्याच्या झाडांचे फोटो टाकायचे, त्यासाठी वेगळा टॅग. गुरुवारी दारं. शुक्रवारी जर्मन लोक खिडक्यांचे फोटो टाकतात आणि त्यातल्या पडद्यांवर गंभीरपणे बोलतात. शेवाळाचे फोटो टाकणाऱ्यांचा टॅग 'मॉसटोडॉन'. रविवारी ब्रिटनमधली मंडळी माळरानावर हजारो वर्षं उभ्या असलेल्या शिळा टाकतात. गणितवाल्यांचा सर्व्हर आहे 'मॅथस्टोडॉन'. तिथे सूत्रं सूत्रांसारखी दिसतात आणि टेरेन्स टाओंसारखे फील्ड्स पदकविजेते येऊन लिहितात. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने बाहेरच्या ॲपवाल्यांकडे अवाच्या सवा पैसे मागितले, तेव्हा स्टार ट्रेकचे भक्त उठले आणि लेमीवर स्वतःचा सर्व्हर थाटून बसले. या सगळ्यांवर कडी म्हणजे 'उलिपो' नावाचा सर्व्हर. तिथे इंग्रजीतलं 'ई' हे अक्षर वापरायला बंदी. मग कोणीतरी 'डॉल्फिन टाउन' काढला. तिथे 'ई' सोडून दुसरं काहीही लिहायला बंदी! दोन्हीकडे माणसं हौसेने राहायला गेली. इतक्या कडक नियमात सुखाने नांदणारी माणसं या पृथ्वीवर असताना आपल्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा का होत नाही, हे मला समजलेलं नाही.

आता समजा, तुम्हाला वीरगळांचा नाद आहे. आहे अशी माणसं महाराष्ट्रात. रविवारी पहाटे दुचाकीला किक मारून निघतात, कुठल्याशा गावात भैरवनाथाच्या देवळामागे उकिरड्याच्या कडेला कलंडलेला दगड शोधतात, आणि त्याच्याशी गुडघे टेकून अर्धा तास बोलतात. लढाईत किंवा गायी सोडवताना मेलेल्या वीराचं ते स्मारक. वाईजवळच्या किकलीत असे दगड ओळीने आहेत. बोरिवलीच्या एकसरला तर थेट समुद्री लढाई कोरलेले वीरगळ आहेत. तेराव्या शतकातला शिलाहार-यादवांचा तो संग्राम, गलबतं आणि वल्ह्यांसकट. आज त्याच्या आसपासच्या रहिवाशांना विचाराल तर ते पार्किंगच्या संग्रामाबद्दल सांगतील.

या मंडळींचं सध्याचं मुक्कामस्थान म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप. कमाल सदस्य १०२४, त्यातले बोलणारे सहा. एखाद्याने दिवसभर उन्हात फिरून काढलेला दुर्मीळ दगडाचा फोटो दुपारी तीनला पडतो आणि रात्री नऊपर्यंत तो वाढदिवसाच्या केकखाली गाडला जातो. उत्खननाची सोय नाही. त्याआधीच्या पिढीने ऑर्कुटवर बैठक मारली होती, ते ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०२० मध्ये मान टाकली आणि भटक्यांचे किती वृत्तांत सोबत नेले कोण जाणे. आठशे वर्षं टिकलेल्या दगडांची नोंद दहा वर्षं टिकत नाही. म्हणून कोणाला वाटलं की आपला स्वतःचा सर्व्हर असावा, तर त्यात वेडेपणा नाही. वेडेपणा त्यानंतर सुरू होतो.

पहिलं काम, पत्ता. डोमेनचं नाव छान, छोटं, जमलं तर खट्याळ हवं. इथे जरा सावध. काही परदेशी मंडळींनी अफगाणिस्तानच्या 'डॉट एएफ' या शेपटीवर आपल्या समलिंगी समुदायाचा सर्व्हर थाटला होता. इंग्रजीत त्या शेपटीने गंमत साधत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये काबूलच्या दूरसंचार खात्याने डोमेन बंद केलं. खातं तालिबानचं आहे, हे बहुधा गमतीच्या भरात राहून गेलं असावं. त्याआधी जुलै २०२३ मध्ये माली देशाने 'डॉट एमएल' ही फुकट वाटली गेलेली शेपटी परत आपल्या ताब्यात घेतली आणि तिच्यावर बसलेला एक लेमी सर्व्हर एका रात्रीत बेपत्ता झाला. मालक नसलेल्या घराचा पत्ता तेवढा कोणाच्या तरी मालकीचा असतो. तेव्हा साधं 'डॉट इन' घ्या, नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा.

मग सर्व्हर. भाड्याने मिळतो, लहान समूहाला महिन्याला हजार-दोन हजार रुपयांत भागतं. सॉफ्टवेअर चढलं, खातं उघडलं, पहिला वीरगळ टाकला. आणि मग? शांतता. तुमच्या सर्व्हरला जगातलं सगळं दिसत नाही. तुमच्याकडचा कोणीतरी ज्याला फॉलो करतो, त्याचंच लिखाण तुमच्यापर्यंत येतं. तुम्ही एकटे, म्हणजे तुमची भिंत कोरी. टॅग शोधलात तरी तुमच्या सर्व्हरला ठाऊक असलेलंच सापडणार. मोठ्या सर्व्हरवरच्या माणसाला त्याच टॅगखाली शंभर फोटो दिसतात, तुम्हाला तुमचाच एक. इथे तुमची आवड ओळखून ताटात वाढणारं यंत्र नाही. त्या यंत्राला आपण इतकी वर्षं शिव्या दिल्या. आता कळतं की शेवाळाच्या शौकिनाला खिडकीवाला गाठून देण्याचं कामही तेच करत होतं. त्याच्याशिवाय माणसं शोधायला उठून चालावं लागतं. शिळावाल्या ब्रिटिशांना फॉलो करा, मंदिरशिल्पांच्या अभ्यासकांना करा, ग्रनाइटच्या भूगर्भतज्ज्ञाला करा, लोकांच्या फोटोंवर दोन बऱ्या ओळी लिहा. थोडक्यात, ओळखी वाढवा. हे ज्याला जमत नाही म्हणून तो दगडांकडे वळला होता, त्यालाच हे करायचं आहे.

टॅगचा तिढा वेगळाच. पूर्ण मजकुरात शोधण्याची सोय मास्टोडॉनवर सप्टेंबर २०२३ मध्ये आली, तीही ज्याने 'माझं लिखाण सापडू द्या' अशी परवानगी दिलीय त्याच्यापुरती. म्हणजे सगळा भरवसा टॅगवर. देवनागरीत टॅग द्यायचा की रोमनमध्ये? रोमनमध्ये दिला तर एक 'ई' की दोन? वीरगळवाले या प्रश्नावर तीन गटांत विभागले जातील, आणि लेमीवर असतील तर तिन्ही गट एकाच नावाची चावडी तीन सर्व्हरांवर काढतील, कारण तशी मुभा आहे. रेडिटहून आलेल्या मंडळींनी अगदी हेच करून ठेवलंय. एकाच छंदाच्या पाच-पाच चावड्या, चार ओस.

पंधरवड्यात डिस्क भरते. कशाने? तुमच्या दगडांनी नव्हे. तुमच्या माणसांनी जगभरात ज्यांना ज्यांना फॉलो केलं, त्यांच्या चित्रांच्या प्रती मास्टोडॉन तुमच्याच सर्व्हरवर साठवून ठेवतो. त्यामुळे सांगली जिल्ह्यातले चाळीस वीरगळ एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेले असतात आणि बाकी सगळी जागा जर्मनीतल्या खिडक्यांनी अडवलेली असते. जुन्या प्रती पुसायची आज्ञा आहे, ती दर आठवड्याला आपोआप चालेल असं लावून ठेवता येतं. ते लावायचं कोणी? आला का तो प्रश्न!

आणि मग पहिलं भांडण. ते कशावरून होणार, हे मी आजच सांगून ठेवतो. मराठीतला पहिला शिलालेख कुठला?

शाळेत श्रवणबेळगोळ पाठ केलेले लोक एका बाजूला. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४०, इ.स. १०१८, आणि त्याचं वाचन अधिक खात्रीचं, असं सांगणारे तिसरीकडे. श्रवणबेळगोळचा लेख मुळात तितका जुना नाहीच, तो बाराव्या शतकात जातो, हे सांगणारा एक जण प्रत्येक वेळी उशिरा येतो आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो. विषय चांगला आहे. वाद घालण्याजोगा आहे. पण या जाळ्याची एक खोड लक्षात घ्या. एखाद्या नोंदीखालची सगळी उत्तरं सगळ्यांना दिसतील याची बरीच वर्षं काही हमीच नव्हती. ज्याच्या सर्व्हरपर्यंत जी पोचली, तेवढीच त्याला दिसायची. त्यामुळे 'अक्षी' हे उत्तर अकरा जण देतात आणि अकराही जणांना वाटतं की हे सांगणारे आपणच पहिले. मराठी वादविवादाला इतकं पोषक तंत्रज्ञान आजवर निघालं नव्हतं. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून न घेता उत्तर द्यायला पूर्वी स्वभाव लागायचा, आता सर्व्हर पुरतो.

भांडणात कोणीतरी अभ्यास सोडून जात काढतो, कोणीतरी शेजारच्या राज्याच्या मातृभाषेवर घसरतो. त्याला आवरणारा कोणी नसेल तर दुसरे सर्व्हर एका कळीने तुमचं सगळं घरच बाद करू शकतात. मग एका माणसाच्या जिभेपायी सगळ्यांचेच दगड तिकडे दिसेनासे होतात. अशी फाटकं रोज लागतात. लेमीवरच्या 'बीहॉ' या सर्व्हरने जून २०२३ च्या गर्दीत दोन मोठ्या शेजाऱ्यांशी संबंध तोडले. कारण तात्त्विक नव्हतं. येणारे फार, आवरणारे थोडे आणि आवरायची साधनं तोकडी, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला तो प्रामाणिकपणा आवडला. आपल्याकडे याच परिस्थितीत 'परिसंवाद' ठेवतात.

नियम हवेतच, आणि ते दगडांच्या बाजूने हवेत. अक्षरं उठून दिसावीत म्हणून शिलालेखाला खडू फासणारा, पीठ चोळणारा माणूस या छंदात असतोच. त्याचा फोटो सगळ्यात सुबक येतो आणि त्यालाच सगळ्यात जास्त वाहवा मिळते. त्याचा फोटो घ्यायचा नाही, हा पहिला नियम. तिरप्या उन्हाची वेळ साधा, नाहीतर बॅटरी कडेने धरा. दुसरा नियम जागेचा. एकट्या माळावरच्या, पहारा नसलेल्या शिल्पाचा अचूक ठावठिकाणा टाकायचा नाही, तालुका पुरे. दगडाखाली धन असतं अशी समजूत असलेले कुदळवाले अजून आहेत आणि त्यांच्या हातातही फोन आले आहेत. 'चुकून टाकला, मग काढून टाकू' हे इथे चालत नाही. तुमची नोंद दहा सर्व्हरांवर पोचली की ती पुसण्याची तुम्ही धाडता ती विनंती असते. पलीकडचा बंद पडला असेल, जुना असेल, खट असेल, तर नोंद तिथेच राहते. आठशे वर्षांच्या टिकाऊपणाची हौस होती ना? ती अशी नको तिथे फिटते.

आता या गावातल्या एका छळाबद्दल मला चार चांगले शब्द लिहायचे आहेत. फोटोबरोबर त्याचं शब्दांत वर्णन लिहिलं नाही तर मास्टोडॉनवर तुम्हाला अनोळखी माणसं येऊन टोकतात. ज्यांना दिसत नाही त्यांना यंत्र ते वर्णन वाचून दाखवतं, म्हणून हा आग्रह. काही सर्व्हरांवर तर जेवणाचा फोटोही इशाऱ्याच्या पडद्याआड टाका म्हणतात. मिसळीला पडदा म्हणजे जरा अतीच. पण वर्णनाचा आग्रह वीरगळवाल्यांनी डोक्यावर घ्यावा असा आहे. 'सुंदर वीरगळ, नक्की पहा' एवढं लिहून व्हॉट्सॲपवर भागतं. इथे लिहावं लागतं की खालच्या चौकटीत काय आहे. वीर उजवीकडून डावीकडे जातोय की उलट? हातात ढाल-तलवार की धनुष्य? पायाशी गायी आहेत का? असल्या तर हा गोधन राखताना पडलेला वीर. मधल्या चौकटीत त्याला अप्सरा नेताहेत, किती अप्सरा? वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलाय, शेजारी पुजारी आहे का? माथ्यावर सूर्य-चंद्र दोन्ही शाबूत की एक फुटला? शेंदराखाली काय दडलंय, हे माहीत नसेल तर 'शेंदरामुळे दिसत नाही' असं लिहावं लागतं, आणि कबुलीची ही ओळ मराठी इतिहासप्रेमीच्या लेखणीतून बाहेर पडणं ही सोपी गोष्ट नव्हे.

असं काही महिने लिहिलं की डोळा तयार होतो. पुढे कोणी 'गायी' हा शब्द शोधला की गोग्रहणाचे सगळे दगड एका रांगेत उभे राहतात. हौशी लोकांच्या फोटोंची सूची आपण कधी केली नाही, कारण ते काम कंटाळवाणं. इथे आंधळ्यांसाठी म्हणून डोळसांकडून ते करून घेतलं जातं. स्कॉटलंडमध्ये आपल्या शिळेपुढे उभा असलेला एखादा गृहस्थ यंत्राकडून भाषांतर करवून ते वाचतो आणि विचारतो, तुमच्या दगडांवर स्वर्ग वर असतो, मग खाली आधी मरण का? व्हॉट्सॲपच्या १०२४ जणांत हे कोणी विचारलं नसतं.

हे झालं गोड. आता तक्रार. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने माध्यमांसाठी नवे नियम आणले. कडक कलमं ५० लाखांहून जास्त सदस्य असलेल्या बड्यांसाठी आहेत, हे खरं. पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची, निकाल १५ दिवसांत लावायचा, हे त्या नियमांत छोट्यांनाही लागू केलं. म्हणजे चाळीस दगडप्रेमींच्या सर्व्हरलाही अधिकारी हवा! त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सॲपच्या ग्रुप ॲडमिनला मात्र दिलासा दिला होता: सदस्याने काही वावगं टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. थोडक्यात, परक्या कंपनीच्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर मिशीला पीळ द्या. स्वतःची जागा बांधलीत तर तुम्हीच अधिकारी, तुम्हीच कारकून, आणि पोच द्यायला रविवार नाही.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट असते जी तुम्हाला नको असते. मास्टोडॉनवरचे खासगी निरोप कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला मनात आणलं तर ते वाचता येतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेत एका सर्व्हरचालकाच्या घरावर भलत्याच प्रकरणात एफबीआयची धाड पडली, तेव्हा घरात असलेली सर्व्हरची प्रतही जप्तीत गेली. कोण कोणाला काय म्हणालं, सगळं एका डिस्कवर. सेक्रेटरीला सगळ्यांच्या घरचं माहीत असतं ही सोसायटीतली जुनी शंका इथे अधिकृत आहे.

म्हणून हे सर्व्हर पैशाअभावी कमी आणि माणसाअभावी जास्त बंद पडतात, असं माझं मत आहे. 'मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी' हा जुना, नावाजलेला सर्व्हर. त्याच्या चालकाने ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला, घरच्या अडचणींमुळे, सर्व्हर मिटवत असल्याचं जाहीर केलं. तीन आठवड्यांनी ट्विटरचा सौदा झाला आणि जग राहायला जागा शोधत आलं. यंत्रचलित खात्यांसाठीचा 'बॉट्सिन स्पेस' डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. खुद्द रोचको यांनी जवळजवळ दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, प्रमुखपद सोडलं आणि मास्टोडॉनची मालमत्ता ना-नफा संस्थेच्या हवाली केली. मालक नको म्हणणाऱ्या चळवळीला दहा वर्षं एक माणूस धरून होता.

सर्व्हर मिटला की लोकांनी दुसरीकडे हलायचं. हलता येतं, तुमचे फॉलोअर तुमच्याबरोबर येतात. लिखाण येत नाही. त्याची प्रत उतरवून घ्या, पण नव्या घराच्या भिंतीवर ती चढत नाही. वीरगळवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग करायचं काय? माझं ऐकाल तर सर्व्हर काढूच नका. निदान पहिली दोन वर्षं. कोणाच्या तरी बऱ्या चाललेल्या सर्व्हरवर खाती उघडा, त्याला दरमहा देणगी द्या आणि ती देताना आवाज करू नका. एक टॅग ठरवा, त्यातल्या 'ई'चा निकाल चिठ्ठ्या टाकून लावा. एक वार ठरवा. सोमवार चांगला, रविवारी भटकून आलेल्याला ऑफिसात बसल्या बसल्या फोटो टाकता येतात आणि महाराष्ट्राच्या उत्पादकतेत तसाही फरक पडत नाही. वर्णनांची आणि मूळ फोटोंची एक प्रत तिसऱ्याच ठिकाणी ठेवा, साध्या तक्त्यात, गाव-तालुका-तारखेनिशी. एवढं दोन वर्षं सोमवारमागून सोमवार चाललं, तर तुमचा समूह आहे असं समजा. सर्व्हर हे त्यानंतरचं दुखणं.

तरीही हौस दाबता येत नसेल, तर मास्टोडॉनवाल्यांचा एक करार वाचून घ्या. आपल्या यादीत सर्व्हरचं नाव हवं असेल तर ते चार गोष्टी मागतात. द्वेषाला आवर घाला. रोज प्रत काढून ठेवा. बंद करायचं झाल्यास लोकांना तीन महिने आधी सांगा. आणि सर्व्हरच्या किल्ल्या तुमच्याखेरीज आणखी निदान एका माणसाकडे असू द्या, म्हणजे तुम्ही आजारी पडलात, कंटाळलात किंवा कड्यावरून घसरलात तरी दिवे चालू राहतील.

पहिल्या तिन्ही गोष्टी तुम्ही एकट्याने कराल. चौथीसाठी समूहात विचारावं लागेल. विचारा. सोमवारी सकाळी, सगळे जागेवर असताना विचारा की दुसरी किल्ली कोण घेतो. स्तुत्य उपक्रम, असं सात जण लिहितील. तीन जण हात जोडलेलं चित्र टाकतील. श्रवणबेळगोळचा लेख बाराव्या शतकातला हे सांगणारे गृहस्थ येऊन ते पुन्हा सांगतील. आणि ज्याच्यावर तुमची मदार होती, ज्याने 'आपला स्वतःचा सर्व्हर हवा' हा विषय मुळात काढला होता, तो संध्याकाळी खासगीत निरोप धाडेल: नक्की घेतो, फक्त जरा दिवाळीनंतर बोलू.